गच्चीवरचा सूर्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात कोणी बोलावयास उभा राहिला की मंडळाच्या ५० वर्षांचा आढावा ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. परंतु ते काम आमच्याहून अधिकारी मंडळींनी या स्मरणिकेत केलेलेच आहे. आम्ही आज जो विषय निवडला आहे, तो उत्सवाच्या मांडवात काहीसा रुक्ष वाटेल. घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवावीत की नाही, बसवावयाची तर कशी, आणि परप्रांतात घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने या प्रश्नात दडलेला दुसरा प्रश्न कोणता, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका लहान मुलीने. गेल्या हिवाळ्यात मंडळाची काही कुटुंबे कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहावयास गेली होती. आपल्यापैकी कित्येकजण ३०-३० वर्षे चंडीगडात राहिले, पण सेक्टर १ मधील हा परिसर त्यांनी बाहेरून सोडून कधी पाहिला नव्हता. घरच्या अंगणातल्या तुळशीकडे जसे दुर्लक्ष व्हावे, तसेच हे. ओळखपत्रे दाखवून, मार्गदर्शकाच्या मागोमाग आम्ही उच्च न्यायालय, उघडा हात आणि विधानसभा पाहत त्या विस्तीर्ण पटांगणात आलो. मधोमध एक काँक्रीटची वास्तू उभी आहे. तिला दारे नाहीत, खिडक्या नाहीत, आत कोणाचे कार्यालयही नाही. ‘सावल्यांचा मनोरा’ असे तिचे नाव. ती मुलगी विचारती झाली, “आजोबा, या घरात कोण राहते?” आम्ही म्हणालो, “सावली राहते.” त्यावर तिचा दुसरा प्रश्न तयार होता: “मग ऊन कुठे राहते?”

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम त्या मनोऱ्याविषयी दोन शब्द. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबाला राजधानी उरली नाही. नव्या नगरीचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर आणि वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात वारले आणि १९५१ मध्ये हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांच्यासमवेत पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे तिघे होते. आपणां मराठी माणसांस ऐकून बरे वाटेल अशी एक गोष्ट याच काळातील आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्या वेळी पॅरिस येथे कॉर्बुझिएच्या कार्यालयात उमेदवारी करीत होते आणि चंडीगडच्या नकाशांवर त्यांचा हात फिरला होता. पुढे २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

युरोपातून आलेल्या माणसाला या प्रदेशात प्रथम कशाचा सामना करावा लागला असेल, तर तो सूर्याचा. युरोपात ऊन हवेहवेसे असते. इथल्या मे-जूनमधले ऊन हे आक्रमण असते. म्हणून कॉर्बुझिएने प्रत्येक इमारतीला सूर्यापुरती ढाल दिली. १९५५ मध्ये उद्घाटन झालेल्या उच्च न्यायालयावर छपराच्या वर आणखी एक छप्पर आहे. पहिले ऊन सोसते, दुसरे न्यायाधीशांना सांभाळते, आणि मधून वारा वाहतो. सचिवालयाच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या खोल चौकटी आहेत. उन्हाळ्यात डोक्यावर आलेला सूर्य त्यांनी अडवावा आणि हिवाळ्यात खाली उतरलेला सूर्य आत येऊ द्यावा, अशी ती कल्पना. त्यांना फ्रेंचमध्ये ‘ब्रीझ-सोलेय’ म्हणतात, आपण सूर्यरोधक म्हणू. सावल्यांचा मनोरा ही या कल्पनेचीच प्रयोगशाळा होय. दिशेदिशेचे ऊन कसे आवरता येते हे तेथे तीन बाजूंच्या चौकटींनी दाखविले आहे. उत्तरेकडून सूर्य येत नाही म्हणून ती बाजू मोकळी आहे.

या मनोऱ्याची एक खुबी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चंडीगडचे रस्ते आणि सेक्टर सरळ दक्षिणोत्तर नाहीत. सारे शहर तिरपे मांडलेले आहे. पण हा मनोरा भोवतालच्या इमारतींशी फटकून नेमका दक्षिणोत्तर उभा आहे. शहराचा नकाशा माणसाने आखला, सूर्याचा मार्ग माणसाने आखलेला नाही. तेव्हा ज्याला सूर्याशी व्यवहार करावयाचा आहे त्याने कोणाशी काटकोन साधावा, हे त्या वास्तूने सांगून ठेवले आहे. या गोष्टीकडे आम्हांला पुढे पुन्हा यावे लागेल.

विधानसभेची गोष्ट तर याहून मौजेची. तिच्या छपरावरचा तो प्रचंड वक्र मनोरा कॉर्बुझिएला सुचला तो अहमदाबादच्या वीजकेंद्रातील पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांवरून. ज्या सभागृहात लोकप्रतिनिधी बसतात त्याचा आकार विजेच्या कारखान्यातून आला! आणि त्याच विधानसभेच्या मीनाकारीच्या भव्य दरवाजावर वरच्या अर्ध्या भागात सूर्याचे मार्ग रंगविले आहेत: दक्षिणायनाचा, उत्तरायणाचा आणि दिवसरात्र समान असण्याच्या वेळेचा. खाली पृथ्वी, नदी, झाडे आणि प्राणी. रथसप्तमीला आपल्या आया-आज्या पाटावर रांगोळीने सूर्य काढीत, त्याच श्रद्धेचे हे काँक्रीटच्या नगरीतील रूप, असे म्हणावयास हरकत नाही. २०१६ मध्ये युनेस्कोने ७ देशांतील कॉर्बुझिएच्या १७ कामांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात हा परिसर आहे.

आता काळाचा एक योगायोग पाहा. इथे शिवालिकच्या पायथ्याशी मजूर उच्च न्यायालयाचे काँक्रीट ओतीत होते, त्याच सुमारास, म्हणजे १९५४ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट जगाला दाखविला. पडलेल्या उन्हातील सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० ते २२ टक्क्यांपर्यंत जातात. कॉर्बुझिए १९६५ साली वारला. सूर्य कसा अडवावा हे त्याने शिकविले. सूर्य कसा राबवावा हे त्याच्या डोळ्यांदेखत जन्मत होते, पण ते गच्चीपर्यंत पोहोचावयास आणखी अर्धे शतक जावे लागले.

पॅनेलाचे काम थोडक्यात असे. सिलिकॉनच्या पातळ चकतीचे दोन थर असतात. एका थरात इलेक्ट्रॉन किंचित अधिक असतील आणि दुसऱ्यात किंचित कमी, अशी भेसळ मुद्दाम केलेली असते. उन्हाचा कण येऊन आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि दोन थरांमधील सीमा त्याला एकाच दिशेने ढकलते. हाच विजेचा प्रवाह. पण तो एकदिश असतो. घरातील पंखे आणि फ्रिज प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो. त्यात फिरणारे चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. म्हणूनच माणसांची अशी समजूत होते की यात समजून घेण्यासारखेही काही नाही. आमचे सांगणे नेमके येथून सुरू होते.

चंडीगड प्रशासनाने २०१६ मध्ये ५०० चौरस यार्ड, म्हणजे इथल्या भाषेत एक कनाल, आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना सौर संयंत्र सक्तीचे केले. आमचे घर १० मरल्यांचे, म्हणजे त्याच्या निम्मे. तेव्हा आम्हांला सक्ती नव्हती. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्य घर’ योजना आली. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि एकूण अधिकात अधिक ७८,००० रुपये अनुदान. मग मात्र शेजारीपाजारी, भिशीत, भाजीबाजारात, सर्वत्र हाच विषय. आम्हीही एका ठेकेदाराला बोलाविले. तो गच्चीवर आला, फीत न काढता चार पावले चालला आणि म्हणाला, “तीन किलोवॅट लग जाएगा जी. बस, वो पेड़ कटवा दो.”

ते झाड म्हणजे आमच्या घराच्या दक्षिणेचा आंबा. त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या मातोश्री कोकणातून पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांनी हापूसची पेटी आणली होती. आंबे संपल्यावर त्यांनी एक कोय वाफ्यात पुरली. कोयीपासून वाढविलेले झाड मूळ हापूस देत नाही, त्याला कलमच लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कोकणातील बाईला ते कोणी शिकवावे? पण त्या म्हणाल्या, “हापूस नाही तर नाही, सावली तर देईल.” थंडीत दोन वर्षे त्या रोपाला त्यांनी पोत्याने गुंडाळून ठेवले. झाड वाढले. फळ आंबट निघाले, पण लोणच्याला आणि पन्ह्याला त्याच्यासारखे दुसरे नाही. मातोश्री आता नाहीत. झाड गच्चीच्या वर चार मीटर गेले आहे.

ठेकेदाराला आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हटले आणि त्या डिसेंबरात एक उद्योग आरंभिला. २१ डिसेंबरच्या आसपास, दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा, धुके नसलेला दिवस पाहून सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत दर अर्ध्या तासाने गच्चीवर खडूने सावलीची कड आखली. झाडाची, पाण्याच्या टाकीची आणि जिन्यावरच्या खोलीची, जिला इकडे ‘ममटी’ म्हणतात. संध्याकाळी गच्चीवर रेषांचे जणू दुसरे पंचांगच उमटले.

चंडीगड सुमारे ३०.७ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर मध्यान्हीही सूर्य येथे क्षितिजापासून केवळ ३६ अंश वर येतो. तेव्हा गच्चीच्या वर चार मीटर उंच असलेल्या झाडाची सावली मध्यान्ही साडेपाच मीटर पडते, आणि सकाळी साडेनऊला साडेआठ मीटरांच्याही पुढे जाते. तेच २१ जूनला सूर्य जवळजवळ ८३ अंशांवर असतो आणि मध्यान्हीची सावली जेमतेम अर्धा मीटर! ठेकेदार आला होता जूनमध्ये. जूनमध्ये गच्ची पाहणाऱ्याला डिसेंबरची सावली दिसत नाही, आणि मुकाट बसलेल्या गिऱ्हाइकाला ती पुढली २५ वर्षे दिसत राहते.

येथे पुण्यामुंबईच्या मंडळींनी एक फरक ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रात मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात की सूर्य नेमका डोक्यावर येऊन माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. चंडीगड कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे येथे ती वेळ कधीच येत नाही. येथे मध्यान्हीची सावली बाराही महिने उत्तरेकडेच पडते. म्हणून पॅनेलाचे तोंड दक्षिणेकडे हवे, आणि २५ ते ३० अंशांचा उतार हवा. आता सावल्यांच्या मनोऱ्याची आठवण करावी. आपली घरे रस्त्यांशी काटकोनात, आणि रस्ते तिरपे. पॅनेले गच्चीच्या कठड्याला समांतर लावली तर दिसावयास नीटस दिसतात, पण त्यांचे तोंड आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला होते. यात वर्षाकाठी काही टक्क्यांचीच घट होते, तेव्हा जागा वाचत असेल तर ती सोसावी; पण सोसतो आहोत हे ठाऊक असून सोसावी.

सावलीचे महत्त्व एवढे का, असा प्रश्न येईल. पॅनेलातील घट माळेतील मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली तर तो सगळ्या माळेचा प्रवाह अडवितो. पॅनेलाच्या मागे असलेले डायोड प्रवाहाला आडवाटेने नेतात खरे, पण मग त्या टापूची वीज गमवावी लागते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने टाकीची सावली पडते तेथेच एक रांग लावून घेतली. उन्हाळाभर सारे सुरळीत होते. डिसेंबर-जानेवारीचे आकडे आले तेव्हा ते गोंधळले. धुक्यामुळे त्या दोन महिन्यांत सर्वांचीच वीज घटते, पण यांची शेजाऱ्याच्या निम्मीच होती. शेवटी टाकी हलविली आणि प्रश्न मिटला. टाकी हलविता येते. आंबा हलविता येत नाही.

आता या शहराच्या हवामानाचे चार शब्द. पहिली समजूत अशी की ऊन जितके कडक तितकी वीज अधिक. ते अर्धेच खरे आहे. पॅनेलावर लिहिलेली क्षमता ही घटाचे तापमान २५ अंश असतानाची असते. त्यावरील दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. जूनमध्ये हवा ४२ अंश असताना घट ६५ अंशांपर्यंत तापतो. म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास सूट सूर्यनारायण आपणहून देऊन टाकतो. म्हणून पॅनेलाच्या खालून वारा वाहता हवा. ते गच्चीला चिकटवून बसवू नये. उच्च न्यायालयाच्या दोन छपरांमधून वारा का वाहू दिला, त्याचेच हे गच्चीवरचे उत्तर. आणि सचिवालयाच्या काँक्रीटच्या चौकटी दिवसभर तापून संध्याकाळी तीच उष्णता परत सोडतात हा त्यांच्यावरचा आक्षेप जाणकार घेत आले आहेत. त्यातही हाच धडा आहे.

दुसरी गोष्ट धुळीची. मे-जूनमध्ये आंधी येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची पराली जाळल्याचा धूर येतो. पॅनेले पंधरवड्यातून एकदा तरी पाण्याने पुसावीत. पण ती सकाळी सूर्य चढण्यापूर्वी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे काचेला मानवत नाही. पाणी जड असेल तर थेंब वाळण्यापूर्वी कापडाने टिपावे, नाहीतर पांढरे डाग राहतात. तिसरी गोष्ट गच्चीची. स्लॅबला भोके पाडून सांगाडा ठोकला आणि पहिल्याच पावसात छत गळू लागले, असे होऊ शकते. काँक्रीटचे जड ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करता येतो. मात्र आंधीचा वारा लक्षात घेऊन वजनाचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये.

चौथी गोष्ट सर्वांत अधिक गैरसमजाची. बॅटरी नसलेले, जाळ्याला जोडलेले सौर संयंत्र वीज गेली की आपणहून बंद पडते. भर दुपारी, लख्ख ऊन असतानाही! यात बिघाड नाही. तारांवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरची वीज लागू नये, म्हणून तशी योजना केलेली असते. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च करावा लागतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि मग माणसे फसविल्यासारखी चिडतात.

जाळ्याशी असलेला हा संबंध आम्हांला मात्र फार आवडला. दुपारी आपल्या घरात खप नसतो. तेव्हा जास्तीची वीज मीटरमधून बाहेर जाते आणि शेजारच्या घरातील पंखा फिरवते. रात्री आपण जाळ्याकडून घेतो. मीटर दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवतो. कॅपिटल कॉम्प्लेक्समधील तो २६ मीटर उंचीचा उघडा हात आपण सर्वांनी पाहिला आहे. कॉर्बुझिएच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १९८५ मध्ये तो उभा राहिला. वाऱ्याबरोबर तो फिरतो. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ सांगतात. त्याचा पत्रा नांगलच्या कार्यशाळेत घडविला गेला, आणि त्याच्याच वरच्या अंगाला १९६३ साली राष्ट्राला अर्पण झालेले भाक्रा धरण आहे. धरणाच्या विजेवर आपण येथे संसार मांडले. त्या ऋणातील चार युनिटे दुपारच्या वेळी परत करता यावीत, यात आम्हांला समाधान वाटते.

वारशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. काही सन्मित्र म्हणतात, कॉर्बुझिएच्या नगरीत घराघरावर ही निळीकाळी तावदाने कशी शोभतील? कॅपिटलच्या इमारतींपुरते त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. तेथील छपरे हीच शिल्पे आहेत आणि त्यांवर काही चढविणे म्हणजे मूर्तीला कोट घालणे होय. परंतु घरांची गोष्ट वेगळी. इथल्या जुन्या घरांच्या गच्च्या कधीच रिकाम्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या रात्री त्यांवर खाटा पडत. आपल्या बायकांनी तेथे पापड, कुरडया आणि सांडगे वाळविले. आणि पुण्यात दोन दिवस घेणारे वाळवण येथील कोरड्या उन्हात एका दिवसात कडकडीत होते हे पाहून पत्रे धाडली. वाळवण म्हणजे सूर्याला घरकामाला लावणेच. मात्र गच्ची कोणाची, हे आधी पाहावे. मजल्या-मजल्याच्या हिश्शाने घेतलेल्या घरांत हा तंटा हमखास उभा राहतो. १ ते ३० सेक्टरांतील घरांचे अशा रीतीने तुकडे पाडण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत मनाई केली आहे. सहहिस्सेदारांची लेखी संमती घेतल्यावाचून पॅनेल बसवू नये.

आता आमच्या घराचा निकाल सांगतो. आम्ही आंबा तोडला नाही. खडूच्या रेषांनी दाखवून दिले की गच्चीच्या उत्तरेकडील निम्म्या भागावर डिसेंबरातही सकाळी दहानंतर झाडाची सावली पोहोचत नाही. तेथे २ किलोवॅट बसले. तीन बसले असते तर अनुदान १८,००० रुपयांनी अधिक मिळाले असते आणि वीजही दीडपट. पहिल्या वर्षी आमच्या गच्चीने साधारण अडीच हजार युनिटे दिली. आमचे बिल शून्यावर आले नाही. पण निम्म्याहून अधिक उतरले. हिशेबी माणसे याला भावनेचा तोटा म्हणतील. आम्ही तो वहीत खर्चाच्या बाजूला, मातोश्रींच्या नावे मांडून ठेवला आहे.

परंतु खरा प्रश्न याच्याही पुढचा होता, आणि तो विचारला आमच्या चिरंजिवांनी, परदेशातून, दूरध्वनीवर. “बाबा, पॅनेलाची हमी २५ वर्षांची आहे म्हणता. पण तुम्ही तर निवृत्तीनंतर पुण्याला परतणार होता ना?”

बंधुभगिनींनो, या सभागृहातील किती घरांत हे वाक्य बोलले गेले असेल! आपण बँकेच्या बदलीवर आलो, सैन्यातून आलो, पीजीआयमध्ये वा संशोधनसंस्थांत रुजू होण्यासाठी आलो. ‘दोन-चार वर्षे’ म्हणून आलो. सामानाच्या पेट्या माळ्यावर ठेवल्या त्या फेकल्या नाहीत, कारण परत जाताना लागतील. गावाकडच्या घराचे छप्पर आपण दुरुस्त करीत राहिलो आणि इथल्या छपराकडे भाडेकरूच्या नजरेने पाहत राहिलो. मुले मात्र तिसऱ्याच देशी गेली. ज्या वस्तूचे आयुष्य २५ वर्षांचे आहे ती विकत घेताना माणसाला प्रथमच स्वतःला विचारावे लागते की आपण नक्की कोठले?

आम्ही उभयतांनी त्या रात्री पुष्कळ विचार केला. आठवले ते इतकेच की मातोश्रींनी कोय पुरली तेव्हा त्यांचे वय ६० च्या पुढे होते, त्या केवळ तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि झाडाला मोहोर येईतो आपण येथे असू अशी त्यांची अटकळही नव्हती. तरी त्यांनी पाणी घातले. सातशे वर्षांपूर्वी नामदेव महाराज पंढरपुराहून निघून इकडे घुमानला येऊन राहिले. ते विठ्ठलाला विसरले नाहीत आणि पंजाबालाही परके राहिले नाहीत. २०१५ मध्ये त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्या मंडळातील कितीतरी जण तेथे गेले होते. जेथे राहतो तेथे मुळे धरली म्हणजे मूळ तुटते, ही आपली भीती खोटी आहे. उद्या आम्ही पुण्याला गेलो तर या गच्चीवरची वीज दुसरे कोणी वापरील. सूर्य ते विचारणार नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. दरवर्षी आपण संक्रांतीला तिळगूळ वाटतो. पण सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते. त्याच्या आसपासचा एक रविवार मंडळाने सावल्या मोजण्यासाठी राखून ठेवावा. तरुण मुलांनी खडू आणि होकायंत्र घेऊन ज्यांना हवे त्या सभासदांच्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या, गच्चीवर जावे आणि रेषा आखून द्याव्यात. याला खर्च खडूच्या एका पेटीचा. ठेकेदार येण्यापूर्वी घरमालकाच्या हाती स्वतःच्या गच्चीचा नकाशा असेल, तर निम्म्या फसगती टळतील. पॅनेल बसवावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. रेषा पाहून एखाद्याने ‘नको’ म्हटले तरी तो निर्णय शहाणपणाचाच असेल.

यंदाच्या रथसप्तमीला धुके थोडे विरळ झाले होते. आम्ही रिवाजाप्रमाणे गच्चीवर गोवरी पेटवून बोळक्यात दूध ठेवले. पूर्वेकडे तोंड करून बसलो. ती मनोऱ्यापाशी प्रश्न विचारणारी मुलगी शेजारीच राहते, तीही आली. दूध उतू गेले. तिने पॅनेलांच्या रांगेखाली वाकून पाहिले आणि इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागलेला पाहून म्हणाली, “आजोबा, ऊन इथे राहते.” आम्ही तिला म्हटले, “राहत नाही, बाळ. नुसते येऊन जाते. आल्यावर त्याला रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचे नाही, एवढेच आपले काम.”